‘भिऊ नकोस’ म्हणणाऱ्याचे कर्तव्य

लहान मूल भ्याले म्हणजे आपण काय करतो? पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, “भिऊ नकोस, पांडुरंग आहे.” वाक्य खरे आहे, त्यात अक्षराचाही खोटेपणा नाही. परंतु हे खरे वाक्य आपण पुष्कळदा पोराला गप्प करण्यासाठी वापरतो आणि ते गप्प झाले म्हणजे आपले काम झाले असे समजून उठून जातो. या वाक्याने बोलणाराच्या अंगावर काही जबाबदारी येते की नाही, हा प्रश्न गेली काही वर्षे आमच्या मनात घोळतो आहे. तो आज वाचकांपुढे ठेवतो. ठेवताना आमच्याच हातून झालेली एक चूक सांगावी लागेल. संकोच वाटतो खरा, पण कीर्तनात उभे राहून इतकी वर्षे दुसऱ्यांच्या चुका मोकळेपणाने सांगितल्यावर स्वतःचीच झाकून ठेवणे बरे नव्हे.

कोणी म्हणेल, पोरांच्या भिण्या-रडण्याचा विषय परमार्थाच्या मासिकात कशाला? ते घरच्या बायामाणसांनी पाहावे. पण गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे सव्वीस गुण सांगितले, त्यांत पहिला मान अभयाला दिला आहे. सत्य, दया, क्षमा ही सगळी मंडळी त्याच्या मागून येतात. ज्या संपत्तीची सुरुवातच अभयापासून होते, ती लेकराच्या हाती कोणी द्यायची आणि कोणत्या वयात द्यायची, हा परमार्थाचा प्रश्न नाही तर कशाचा?

दुसरे कोणी म्हणतील, आमच्या वेळी असली थेरे नव्हती. चार रट्टे बसत आणि भीती पळून जाई. आम्हीही त्याच वेळचे आहोत. भीती पळून जात नसे, पांघरुणात शिरत असे. अंथरूण ओले करणारी, नखे खाणारी, शाळेच्या वेळेला नेमके पोट दुखणारी पोरे तेव्हाही होती. त्यांना कोणी विचारले नाही एवढेच.

आता हकीकत. आमच्या गावात एक माळकरी घर आहे. आजोबा-आजी दोघेही पायी वारीचे नेमकरी. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट आली, तेव्हा आजोबांना रात्री दम लागला. गाडी आली, तोंड बांधलेली माणसे आली, म्हाताऱ्याला घेऊन गेली. पुन्हा घराने त्यांचे तोंड पाहिले नाही. त्या दिवसांत असे किती घरांत झाले हे वाचकांना सांगायला नको. नातू तेव्हा सहा वर्षांचा. तो ज्याला त्याला विचारी, “आजोबा कुठं गेले?” घरात कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. तेराव्याला चारदोन माणसांत आम्ही कीर्तन केले. ते झाल्यावर पोर आमच्याजवळ आले. आम्ही त्याला मांडीवर घेतले आणि म्हणालो, “तुझे आजोबा पांडुरंगाकडे गेले बाळा.” पोर गप्प झाले. आम्हाला वाटले, समजूत पटली.

दोन वर्षे पायी वारी नव्हती. २०२० आणि २०२१ साली माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या, आणि ज्यांची उभी हयात वाटेवर गेली ते वारकरी घरात बसून राहिले. २०२२ साली वाट पुन्हा मोकळी होणार अशी बोलणी सुरू झाली, तेव्हा चैत्रातच आजीने घरात विषय काढला. नवऱ्याच्या वाटणीचीही पावले आपणच टाकायची, असे म्हातारीच्या मनात. पण आजीने वारीचे नाव काढले, आणि त्याच रात्री पोराला ओकारी झाली. मग रोज सकाळी पोटात दुखू लागले. शाळा बुडू लागली. आई विहिरीवर गेली तरी तो मागे, आजी परसात गेली तरी मागे. एके दिवशी आजीची पडशी सापडेना. दोन दिवसांनी ती गोठ्यात वैरणीखाली निघाली.

घरच्यांनी आम्हाला बोलावले. आम्ही गेलो ते बुवा म्हणूनच गेलो, ही आमची चूक. पोराला पुढ्यात उभे केले आणि सांगितले, “अरे, आजी देवाच्या वाटेला चालली. तू रडलास तर तिच्या वारीत विघ्न येईल. पांडुरंगाला ते आवडायचे नाही. शहाणा ना तू? मग आता रडायचे नाही.” पोराने मान हलवली. त्या दिवसापासून ते रडेनासे झाले. घरच्यांनी आमचे आभार मानले. आम्हीही जरा खूश होतो.

आठपंधरा दिवसांनी पोराची आई देवळात आली. म्हणाली, “बुवा, रडत न्हाई हे खरं, पर निजतबी न्हाई. रातच्याला उठून आजीच्या नाकापुढं हात धरून बघतंय.”

हे ऐकले आणि आम्ही चरकलो. आपण पोराची भीती काढली नव्हती, तिच्यावर झाकण घातले होते. आणि झाकण म्हणून जी वस्तू वापरली ती साक्षात पांडुरंग! आता त्या पोराच्या डोक्यात काय उभे राहिले असेल पाहा. आधी नुसती भीती होती. आता तिला पापाची जोड मिळाली. आजीला वाटेत काही झाले तर ते आपल्या रडण्यामुळे, असा त्याचा हिशेब. सात वर्षांच्या खांद्यावर आम्ही आजीच्या जिवाचे ओझे ठेवून आलो होतो, आणि वर त्याला शहाणा म्हटले होते.

संतचरित्रात ताटीची कथा सर्वांना ठाऊक आहे. लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन ज्ञानोबाराय कुटीची ताटी लावून आत बसले, तेव्हा दारात मुक्ताई उभी राहिली. वयाने सगळ्यांत धाकटी. तिने ताटी मोडली नाही, की कोणी मोठे बोलावून आणले नाही. ती बाहेर उभी राहून बोलत राहिली आणि आतल्याने आतून कडी काढायची वाट पाहिली. हा प्रसंग आम्ही कीर्तनात किती वेळा रंगवला असेल. पण पोराने आतून ताटी लावून घेतली तेव्हा आम्ही बाहेरून तिला आणखी एक कडी घातली.

मग आम्ही त्या घरी रोज संध्याकाळी जाऊ लागलो. उपदेश म्हणून काही नाही. ओट्यावर बसावे, टाळांच्या दोऱ्या नव्या ओवाव्यात, पोर जवळ येऊन बसले तर बसू द्यावे. चारपाच दिवस ते काही बोलले नाही. एका संध्याकाळी दोरीला गाठ मारता मारता आपणहून म्हणाले, “बुवा, आजोबा पांडुरंगाकडं गेले ते आले न्हाईत. आन् आता आजीबी पांडुरंगाकडंच चाललीया.”

वाचक हो, आमच्या हातातला टाळ तसाच राहिला. पोराच्या हिशेबात काडीची चूक नव्हती. चूक आमच्या शब्दात होती. मोठ्या माणसाला ‘पांडुरंगाकडे गेले’ म्हणजे काय ते कळते. त्याच्यापुरते ते वाक्य खरे आणि दिलाशाचेही आहे. पोराला ते गावाचे नाव वाटले. जिथे गेलेला माणूस परत येत नाही असे गाव. आणि त्याच गावाला आजी हौसेने निघालेली, घरातले सगळे तिला हसत निरोप द्यायला तयार! भ्यायचे नाही तर त्याने करायचे काय?

शब्द बोलणाराच्या तोंडी खरा असला आणि ऐकणाराच्या मनात खोटा होऊन उतरला, तर त्याचा दोष कोणाकडे? आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या मते तो बोलणाराकडेच येतो, निदान ऐकणारा लहान असतो तेव्हा तरी. गळ्यात तुळशीची माळ घालणारा खोटे बोलायचे नाही असा नेम घेतो. पण मुलांशी बोलताना आपण या नेमाला सर्रास सुट्टी देतो. सुई टोचायला नेताना ‘दुखणार नाही’ म्हणतो, आणि ती दुखते. बाजाराला जाताना ‘आत्ता आलो’ म्हणून मागच्या दाराने निसटतो, आणि पोर संध्याकाळपर्यंत दाराकडे पाहत बसते. मुंगी चावल्याइतके दुखेल, आम्ही हात धरून बसू, असे म्हणायला काय लागते? पण तेवढे म्हणायचे तर हात धरून बसावे लागते. ‘दुखणार नाही’ म्हटले की मोकळे.

त्याहून वाईट म्हणजे भीती विकत आणून पोरांना वाटणे. बागुलबुवा आहे, झोळीवाला आहे, पोलीस आहे. आणि हे सगळे कमी पडले की देव आहेच, डोळे फोडायला बसलेला. जेवत नाही, देव रागावेल. निजत नाही, देव बघतोय. आणि आम्हा कीर्तनकारांबद्दल तर काय सांगावे! पुढच्या ओळीत पाचसहा वर्षांची पोरे मांडी घालून बसलेली असतात, आणि आम्ही यमयातनांचे वर्णन असे काही रंगात येऊन करतो की म्हातारे माना डोलावतात. त्या रात्री पोरे कशी निजली हे विचारायला कोण जातो? ज्याला आपण माउली म्हणतो त्याच्याच नावाने लेकराला दरदरून घाम फोडायचा, ही कसली भक्ती? हे आम्ही इतरांना म्हणत नाही. आधी आमच्या स्वतःच्या निरूपणातून त्या गोष्टी आम्ही काढून टाकल्या. दोघाचौघा जुन्या श्रोत्यांना ते रुचले नाही. असो.

त्या दिवसांत गीतेचा अकरावा अध्याय पुन्हा वाचला. तेथे एक गोष्ट आहे, ती इतकी वर्षे आमच्या नजरेतून निसटली होती. अर्जुनाने विश्वरूप पाहिले आणि तो थरथर कापू लागला. अर्जुन म्हणजे सात वर्षांचे पोर नव्हे, मोठमोठ्या लढाया जिंकलेला वीर. तो म्हणतो, देवा, हे रूप आवर, ते आधीचे ओळखीचे रूप मला दाखव. तेव्हा एकोणपन्नासाव्या श्लोकात भगवंत सांगतात की भिऊ नकोस. आता पाहा, साक्षात भगवंताने ‘भिऊ नकोस’ म्हटल्यावर अर्जुन त्या क्षणी सावरायला हवा होता. तसे झालेले नाही. पुढल्या श्लोकात संजय सांगतो की असे बोलून भगवंतांनी आपले आधीचे रूप पुन्हा दाखवले, सौम्य झाले आणि त्या भ्यालेल्याला धीर दिला. त्यानंतर, एक्कावन्नाव्यात, अर्जुन म्हणतो, तुझे हे माणसासारखे रूप पाहिले, आता माझे चित्त ठिकाणावर आले.

म्हणजे नुसता शब्द देवालासुद्धा पुरला नाही! शब्दामागून त्याला स्वतः लहान व्हावे लागले, ओळखीचे व्हावे लागले, जवळ उभे राहावे लागले. एवढा मोठा वीर भ्याला म्हणून भगवंताने त्याला अश्रद्ध ठरवले नाही. मग पोर भ्याले की त्याची श्रद्धा उणी, असे म्हणणारे आपण कोण?

आम्ही पोराच्या आईला सगळे सांगितले. ती बाई फार शिकलेली नाही, पण आमच्यापेक्षा शहाणी निघाली. तिने पोराला जवळ घेऊन सरळ सांगितले की आजोबा आजारी पडले, दवाखान्यात वारले. वारले म्हणजे त्यांचे अंग थांबले, आता ते येणार नाहीत. पंढरपूर हे आपल्या गावासारखे गाव आहे, तिथे माणसे जातात आणि परत येतात. तुझा बापसुद्धा तिथे जाऊन आला आहे. पोर दोन दिवस रडले. आजोबा गेल्याला वर्ष होत आले होते, पण आजोबांसाठी ते रडले तेव्हाच पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी त्याने आजीला विचारले, “तू नक्की परत येशील ना? तू मरणार न्हाईस ना?”

हा खरा अवघड प्रश्न. आम्ही तेथेच बसलो होतो आणि आमच्या तोंडावर ‘अरे छे, काही होत नाही’ हे वाक्य आले होते. पण ते खोटे झाले असते. सत्तरीच्या बाईने पायी एवढी मजल मारून जिवंत परत येण्याचे वचन कोणाच्या भरवशावर द्यावे? आणि देह नाशिवंत आहे हे जे आम्ही मोठ्यांना रोज सांगतो, ते त्याच शब्दांत पोराला सांगणे म्हणजे निर्दयपणा. आम्ही गप्प राहिलो. म्हातारी मात्र गप्प राहिली नाही. ती म्हणाली,

“हे बघ बाळा, मरण कुणाला चुकलं न्हाई, मलाबी चुकायचं न्हाई. कवा येईल ते मला ठावं न्हाई. पर माझं गुडघं धड हाईत, डॉक्टरनं छाती तपासलीया, रोजची गोळी संगं हाय. पुनवेचा काला झाला का मी एस.टी.त बसणार आन् घरी येणार, हे माझं ठरल्यालं हाय. आन् मी नसंन त्या राती तुझ्याजवळ कोण निजंल, ते आपण आत्ताच ठरवू. सांग, कोण?”

पोराने विचार केला. म्हणाले, “आत्या.”

“मग आत्याला सांगावा धाडू.”

पोराने विचारला तो मरणाचा प्रश्न. पण त्याच्या पोटात होता तो निराळाच, की मग माझ्यापाशी कोण? पहिल्याचे उत्तर ज्ञान्यांनाही जड जाते. दुसऱ्याचे उत्तर एका अडाणी म्हातारीने चार वाक्यांत दिले, आणि ते खोटे न बोलता दिले. आम्ही पुष्कळ ग्रंथ चाळले आहेत, पण त्या संध्याकाळी आम्ही श्रोते होतो.

अर्थात एवढ्याने भीती संपली असे नाही. उत्तर डोक्याला पटते, पोटाला पटायला वेळ लागतो. सकाळचे पोट दुखणे चालूच राहिले. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पडले की यंदा आजीने जाऊ नये, पोराचा जीव एवढा होतोय तर वारी पुढल्या वर्षी. उलट बाजूचे म्हणत, नेम म्हणजे नेम; पोर चार दिवस रडेल आणि गप्प होईल, पहाटे ते उठायच्या आत निघून जावे. पोराला तालुक्याला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले होते, तेव्हा पोटात काही दोष नाही ना हे त्यांनी आधी नीट तपासले. दुखणे खोटे नाही, असे त्यांनी घरच्यांना बजावले. भीतीने पोट खरोखरच दुखते. वारीच्या प्रश्नावर मात्र त्यांनी दोन्ही पक्षांना नाही म्हटले. चोरून गेलात तर पोर पुन्हा कधी निर्धास्त निजणार नाही. आणि राहिलात, तर आपण रडलो म्हणून आजी वाचली असे ते धरून बसेल. आज आजीला धरील, उद्या आईला, परवा शाळेचा उंबरा ओलांडायचा नाही. भीती वाटली की ज्याची भीती ते टाळायचे, टाळले की क्षणभर सुटल्यासारखे वाटायचे, आणि त्या सुटकेच्या चवीने भीती आणखी धष्टपुष्ट व्हायची, असा हा फेरा आहे. तेव्हा जायचे, पण सांगून आणि थोडे थोडे.

हे थोडे थोडे शास्त्र नवे नाही. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी तिसऱ्या वर्षातल्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला सशाची भयंकर धास्ती. बाईंनी ससा एकदम त्याच्या अंगावर सोडला नाही, की घरातून कायमचा घालवलाही नाही. पोर आवडीचे खाणे खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा; दुसरे दिवशी जरा जवळ; न भिणारी दुसरी पोरेही सोबत खेळायला आणायची. असे करता करता तो मुलगा सशाला हाताने कुरवाळू लागला. वाचताना आम्हाला वारीची आठवण झाली. आळंदीहून पंढरपूर एका झेपेत कोण गाठतो? आज पुणे, मग दिव्याचा घाट चढून सासवड, मग जेजुरी, वाल्हे. पहिल्या दिवशी जो पुढचा सगळा रस्ता मनात आणील तो तिथेच बसेल.

त्याप्रमाणे आजी आधी एक रात्र लेकीच्या गावी जाऊन आली. जाताना सांगून गेली, सांगितल्या वेळी आली. मग वैशाख वद्य एकादशीला आळंदीला, दोन रात्री. पहिल्या खेपेला पोर आत्याला बिलगून रात्रभर जागे राहिले. दुसऱ्या खेपेला रडले, पण निजले.

येथे कोणी वारकरी विचारील, आणि पोराची समजूत पडलीच नसती तर? नेम मोडायचा? आम्हाला वाटते, मोडायचा. ज्या पुंडलिकाच्या नावाचा आपण गजर करतो, तो आईबापांच्या सेवेत होता म्हणून त्याने देवाला विटेवर थांबायला लावले. देव थांबला, रागावला नाही, अजून उभा आहे. घरात तान्हे असेल, दुखणाईत असेल, तर वारी थांबल्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण थांबायचे ते पोराच्या हितासाठी, आपल्याला त्याचे रडणे पाहवत नाही म्हणून नव्हे. या दोहोंतला फरक बाहेरून दिसत नाही, ज्याचा त्यालाच आतून कळतो. आणि खरे सांगायचे तर रडणे पाहवत नाही हेच कारण पुष्कळदा असते.

२१ जूनला माउलींची पालखी आळंदीहून निघाली. आजी डोक्यावर तुळस घेऊन रथामागल्या आपल्या दिंडीत होती. निघायच्या सकाळी पोराने पडशी स्वतः आणून दिली, आणि देऊन झाल्यावर ओट्यामागे जाऊन ओकले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही सांगितल्या.

हल्ली खिशाखिशात फोन आहे. त्याचे सुख आहे, तशी पीडाही आहे. पहिले दोन दिवस पोर तासातासाला ‘आजीला लाव’ म्हणे. लावला की पाच मिनिटे बरे, सहाव्या मिनिटाला पुन्हा तेच. मग असे ठरले की रोज एकदाच, जेवणानंतर, आणि तेव्हा ‘बरी आहेस ना’ हे विचारायचे नाही. आज काय पाहिले ते विचारायचे. पहिल्या संध्याकाळी पोराचा धीर सुटत होता, पण बाप जवळ बसून राहिला. हळूहळू मुक्कामांची नावे पोराला पाठ झाली. वडिलांनी भिंतीवर कोळशाने रेघ ओढून दिली, तिच्यावर रोज एक टिंब पुढे सरके.

आमचे गाव पालखीच्या वाटेपासून दहाबारा कोसांवर. लोणंदच्या मुक्कामाला बाप त्याला घेऊन गेला, आम्हीही बरोबर होतो. त्या गर्दीत दिंडीचा तंबू सापडायला दोन तास लागले. आजी काळवंडली होती, टाचेला चिंध्या बांधल्या होत्या. पोराने आधी तिच्या पायाकडे पाहिले, मग तोंडाकडे. आम्हाला वाटले आता धावत जाऊन गळ्यात पडेल. तसे काही झाले नाही. ते जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, “चिंधी कुणी बांधली?” शेजारच्या बाईने बांधली होती. पोराने तिला नीट पाहून घेतले. तिचे गाव विचारले. परतताना गाडीत बापाला म्हणाले, “आजीजवळ ती मावशी हाय.”

१० जुलैला एकादशी झाली, पुनवेला गोपाळपूरचा काला झाला, आणि आजी बोलल्याप्रमाणे एस.टी.ने घरी आली.

ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. दृष्ट काढा, अंगारा लावा, त्याला आमची ना नाही. मीठमोहऱ्यांपेक्षा आजीचा हात तीन वेळा अंगावरून फिरतो त्याने पोराला बरे वाटते. पण आठवड्यामागून आठवडे खाणे-निजणे बिघडले, शाळा सुटली, पोर माणसांत येईनासे झाले, तर डॉक्टरकडे न्यावे. त्यात देवावरचा विश्वास उणा होत नाही. पाय मोडला तर आपण हाडवैद्याकडे जातोच. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मनाच्या दुखण्याबद्दल जाणत्या माणसाशी मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. आमच्या हकीकतीच्या वेळी ती नव्हती. असती तर आम्ही त्या पोराला पुढ्यात उभे करण्याआधी स्वतःच फोन केला असता, असे म्हणावेसे वाटते. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हाला आपण चुकतो आहोत असे वाटलेच नव्हते.

पोराची भीती गेली का, असे लोक विचारतात. परीक्षेच्या सकाळी अजून त्याचे पोट दुखते. आई म्हणते, “दुखतंय ना? दुखू दे, चल, मी फाटकापर्यंत येते.” आधी वर्गाच्या दारापर्यंत जावे लागे.

पुढल्या वर्षी, २०२३ साली, ज्येष्ठ लागला आणि आजीने पुन्हा पडशी खाली काढली. आम्ही ओट्यावर होतो. पोर जवळ येऊन उभे राहिले. म्हातारीने आम्हाला डोळ्याने खुणावले, म्हणजे आता विचारतोय बघा. पोराने विचारले, “वाल्ह्याला पाऊस आला तर तुमी कुठं निजता?”

“तंबूत.”

“तंबू गळला तर?”

“तर मग भिजतो की रं.”

पोर घरात गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते गुरांच्या गोठ्यावरचा प्लास्टिकचा जुना कागद धुऊन, घडी घालून घेऊन. तो त्याने पडशीत सगळ्यांत खाली ठेवला, आणि मग विचार करून पुन्हा काढून सगळ्यांत वर ठेवला.